देणगीदारांच्या यादीत कोण नाही?

शिक्षणसंस्थांच्या वार्षिक अहवालाच्या शेवटी देणगीदारांची यादी छापलेली असते. आमच्या समीक्षेने कविता वाचली, कादंबरी वाचली, आत्मकथनांवर तर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. पण ही यादी कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. ती वाङ्मय नाही, असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल. परंतु ज्या मजकुरात कोणाला 'दानशूर' म्हणायचे, कोणाचे छायाचित्र छापायचे आणि कोणाला 'इतर किरकोळ' या दोन शब्दांत गुंडाळायचे हे ठरलेले असते, तो मजकूर निरागस कसा मानायचा? विद्यापीठाची इमारत, सभागृहाची कोनशिला, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, प्रवेशाच्या वेळी फाडलेली पावती हे सारे एकाच ग्रंथाचे अध्याय आहेत. प्रस्थापितांनी तो लिहिला आहे आणि आमच्या पिढ्यांनी त्याखाली नुसते अंगठे उमटवले आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहू. देण्याघेण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दान, देणगी, वर्गणी, पट्टी, खंडणी, बिदागी, बलुतं. यांतला प्रत्येक शब्द देणारा कोठे उभा आहे आणि घेणारा कोठे उभा आहे हे सांगतो. दान वरून खाली येते. वर्गणी बरोबरीच्यांत जमते. खंडणी भीतीने दिली जाते. आणि बलुतं? तो खरे तर कामाचा मोबदला होता. महाराने वेस राखली, सांगावा पोचवला, मेलेले जनावर ओढले, म्हणून खळ्यावरचा त्याचा वाटा. पण तो मागायला जाताना पदर पसरावा लागे आणि देणारा उपकार केल्याच्या तोऱ्यात देई. हक्काला भिकेचे रूप देण्याची ही किमया गावगाड्याने शतकानुशतके केली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले तेव्हा एका शब्दात हा सारा व्यवहार उघडा पडला. आमच्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे १९४१ साली महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: राबणुकीचा मोबदला हक्क म्हणून मिळणार की मेहरबानी म्हणून?

'देणगी' हा शब्द या दोहोंच्या मधे लोंबकळतो. तो ऐकायला स्वेच्छेचा आहे. पण आमच्या भागात एखाद्या शेतमजुराला विचारा, 'पोराच्या प्रवेशाला देणगी किती पडली?' तो आकडा सांगेल. 'पडली' हे क्रियापद ध्यानात घ्यावे. देणगी दिली जात नाही, ती पडते, जशी पट्टी पडते किंवा दंड पडतो. शब्दकोशांना अजून न सुचलेला अर्थ लोकांनी क्रियापदानेच जोडून टाकला आहे.

आता इमारतींकडे येऊ. मुंबई विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने विद्यापीठाला दिलेल्या पैशातून तो उभा राहिला, १८७८ साली पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. प्रेमचंदांच्या भरभराटीचा काळ म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचे मोल आले. त्या कापसाची बोंडे कोणी वेचली? वेचणाऱ्या बायांची बोटे बोंडांच्या टोकांनी सोललेली असतात, हे ज्याने आपल्या आईचे हात पाहिले आहेत त्याला सांगायला नको. त्या बायांपैकी एकीचेही नाव मनोऱ्यावर असणे शक्य नव्हते. तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पण त्या मनोऱ्याचे वर्णन करताना 'एका पुत्राची मातृभक्ती' एवढेच लिहून जेव्हा आमचे लेखक थांबतात, तेव्हा ते अर्धेच वाक्य लिहितात.

दुसरी आई नाथीबाई. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. कर्व्यांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. विधवांच्या आश्रमासाठी या माणसाने दारोदार फिरून आणा-रुपया गोळा केला आणि पै-पैचा हिशेब ठेवला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. आज 'एसएनडीटी' ही चार अक्षरे उच्चारताना त्या देणगीची आठवणही कोणाला होत नाही. आधी ज्यांनी आणा-आणा दिला त्यांची नावे त्या चार अक्षरांत नाहीत. त्या काळी स्त्रियांच्या शिक्षणासाठी एवढी रक्कम कोण देत होते, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्त आहे. माझा मुद्दा नाव लागले याविषयी तक्रार करण्याचा नाही. किती सहज लागले, ते पाहा. दगडफेक झाली नाही. घर जळले नाही. पंधरा लाख रुपये आले आणि नाव आले.

याच्या शेजारी मराठवाडा विद्यापीठ ठेवा. विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या खेड्यांतली पहिली दलित पदवीधर पिढी तेथे घडली, आणि दलितच नव्हे, सर्व जातींची पोरे तेथे शिकली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले हे या पानांच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. वस्त्या पेटल्या, विहिरी बंद झाल्या, माणसे गाव सोडून परागंदा झाली, नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तोवर जवळजवळ सोळा वर्षे गेली होती, आणि जे झाले तेही नामांतर नव्हे, नामविस्तार होता.

मग आमच्या समाजाने या विद्यापीठाला काय दिले होते, असा हिशेब जर कोणाला मांडायचाच असेल तर तो मांडू. एका विद्यापीठाचे नाव पंधरा लाखांत आले. दुसऱ्याच्या नावासाठी किती झोपड्या, किती जीव, किती तुरुंगवास, किती वर्षे बुडालेली शिक्षणे लागली? प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा विरोधकांनी पुढे केला होता. त्यातला प्रामाणिक भाग मान्य करूनही एक गोष्ट उरते. धनवंताच्या आईचे नाव संस्थेला लावताना कोणत्याही प्रदेशाची अस्मिता कधी दुखावल्याचे दिसत नाही. पैसा नाव विकत घेतो तेव्हा तो 'औदार्य' ठरतो. ज्ञान आणि रक्त नाव मागते तेव्हा तो 'हट्ट' ठरतो. देणगीची आमच्या समाजातली जातीय व्याख्या इतकी स्पष्टपणे दुसरीकडे कोठेच सापडत नाही. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे मिळाले. ही नावे देणगीने आली नाहीत, हे चांगलेच झाले. पण त्यांनाही वाट मोकळी झाली ती आधी कोणीतरी मार खाल्ला म्हणून, हे विसरू नये.

हा व्यवहार आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे नाव एलिहू येल याच्यावरून आले. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा हा माजी गव्हर्नर. १७१८ च्या सुमारास त्याने त्या छोट्या कॉलेजला मालाचे काही गठ्ठे, चारशेच्या वर पुस्तके आणि राजाचे एक चित्र पाठवले. माल विकून पाचशे बासष्ट पौंड आले आणि तीनशे वर्षे टिकलेले नाव लागले. मद्रासेत हा पैसा कसा जमला, त्या किल्ल्यातून गुलामांचा व्यापार कसा चाले, याची चौकशी त्या विद्यापीठानेच अलीकडे केली. तिकडे आजही विद्यार्थ्यांच्या श्रीमंत पालकांना हेरून त्यांच्याकडून मोठ्या देणग्या मिळवणारे स्वतंत्र कार्यालय असते, त्याचे पगारी अधिकारी असतात. २०१८ साली हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरील खटल्यात देणगीदारांच्या मुलांची वेगळी नोंद कशी ठेवली जाते हे न्यायालयापुढे आले. २०१९ साली तर पालकांनी एका बनावट धर्मादाय संस्थेत पैसे भरून मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवल्याचे प्रकरण उघडकीला आले आणि पन्नासहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. पण खरा धडा २०२३ चा आहे. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला मात्र त्या निकालाने हात लावला नाही. गुणवत्तेच्या नावाने आमच्या राखीव जागांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी हे दोन्ही भाग एकत्र वाचावेत.

महाराष्ट्रात याची रीतसर सुरुवात १९८३ साली झाली. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी मराठी मुले देणगी भरून कर्नाटकात जात, तो पैसा येथेच राहावा, हा युक्तिवाद होता. तो अगदीच खोटा नव्हता. खेड्यातली पुष्कळ मुले त्यामुळे इंजिनिअर झाली. पण कोणाची मुले? ज्यांच्या शेतात ऊस उभा होता त्यांची. ज्यांनी तो ऊस तोडला त्यांची नव्हे. पाचच वर्षांत कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. तो १९८७ चा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याची रचना वाचण्यासारखी आहे. विहित शुल्काहून जास्त रक्कम, तिला नाव काहीही द्या, ती घेणे गुन्हा. मात्र सद्भावनेने दिलेली देणगी संस्थेला घेता येईल, तिच्या बदल्यात जागा राखून ठेवली नाही म्हणजे झाले. म्हणजे सगळा कायदा 'सद्भावना' या एका शब्दावर उभा! जून महिन्यात, प्रवेशयादी लागण्याच्या आदल्या दिवशी, संस्थेच्या कार्यालयाबाहेर बसलेल्या बापाच्या मनात सद्भावना आहे की भीती, हे कोणता निरीक्षक तपासणार?

१९९२ च्या मोहिनी जैन खटल्याचाही येथे उल्लेख करायला हवा. कर्नाटकातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेला वर्षाला दोन हजार, राज्यातल्या इतर विद्यार्थ्याला पंचवीस हजार आणि बाहेरच्याला साठ हजार असा दर होता. त्या महाविद्यालयाच्या नावात 'सिद्धार्थ' हा शब्द होता, हा योगायोग मला आजही बोचतो. न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली, शिक्षणाचा हक्क जगण्याच्या हक्कातून येतो असे म्हटले. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा मोफत, निम्म्या पैशाच्या अशी वाटणी आली. २००२ साली तीही गेली. २००५ साली पुण्याच्या इनामदार खटल्यात परदेशस्थांसाठी पंधरा टक्के जागा मान्य झाल्या. वकिलांनी यावर खूप लिहिले आहे. आमच्या दृष्टीने त्यातून एवढेच निष्पन्न झाले की पैशाची जागा आता पावतीसह मिळू लागली.

परंडा, भूम, वाशी या पट्ट्यातला पालक कोणती देणगी देतो? दिवाळी झाली की तो बायकोसह ऊसतोडीला जातो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडायची असते. फिटली नाही तर पुढल्या हंगामाला तोच मुकादम. ही उचल कशासाठी घेतली जाते? लग्नासाठी, आजारपणासाठी, आणि हल्ली मोठ्या प्रमाणात मुलांच्या शिक्षणासाठी. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, फी मात्र आधी भरावी लागते. म्हणजे हा बाप आपले पुढचे सहा महिने विकून संस्थेचे कार्यालय चालू ठेवतो. त्याच्या उत्पन्नाच्या मानाने पाहिले तर याहून मोठी देणगी कोणत्या उद्योगपतीने कोणत्या विद्यापीठाला दिली आहे? पण अहवालात ती 'शुल्क जमा' या रकान्यात जाते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, त्यामुळे हा रकाना मला इतरांसारखा कोरडा वाचता येत नाही.

या यादीला उत्तर देणारी दुसरी एक यादी आमच्याजवळ आहे. ती म्हणजे आमची आत्मकथने. रामजी सुभेदार मुलाच्या पुस्तकांसाठी आपल्या लेकींकडे जात, पैसे नसले तर त्यांचे दागिने घेऊन गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या पहिल्या देणगीदार या त्यांच्या बहिणी होत, ही गोष्ट चरित्रात येते आणि वाचक ती चटकन ओलांडून बडोद्याच्या शिष्यवृत्तीकडे जातो. बडोद्याचे उपकार आम्ही नाकारत नाही. पण १९१३ साली त्या शिष्यवृत्तीबरोबर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामाही होता, आणि १९१७ साली तो पाळायला गेलेल्या त्या विद्वानाला बडोदे शहरात राहायला जागा मिळाली नाही. बहिणींच्या दागिन्यांना करारनामा नव्हता.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली आई बांबूच्या कांबींची सुपे-टोपल्या विणते आणि त्यावर घर चालते, पोरे शिकतात. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मधला बाप आहे. अशी किती नावे घ्यावीत! प्रस्थापित समीक्षेने या आईबापांना 'त्यागमूर्ती' म्हटले. आणि येथे मला आमच्या लेखकांशीही थोडे भांडायचे आहे. आपणही तोच शब्द वापरू लागलो. 'माझ्या आईच्या त्यागामुळे मी शिकलो' हे वाक्य आता आमच्या सत्कार समारंभांत इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातून आईचे काम दिसेनासे झाले. त्याग हा आध्यात्मिक शब्द आहे. त्याला तास नसतात, दर नसतो, थकबाकी नसते. आयदान विणणाऱ्या बाईने त्याग केला असे म्हटले की तिच्या टोपलीला बाजारात कमी भाव का मिळाला हे विचारण्याची गरज उरत नाही. श्रमाचे रूपांतर त्यागात करणे आणि बलुत्याचे रूपांतर भिकेत करणे, या दोन क्रिया मला फार वेगळ्या वाटत नाहीत. चांगले आत्मकथन तेच, जे कांब कोठून आणली, टोपली कितीला गेली आणि वहीला किती उरले हे सांगते. 'आयदान' हे सांगते, म्हणून ते टिकते.

मग देणगी घेऊच नये काय? असे म्हणणे पुस्तकी होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतल्या बाया दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. स्वतः लक्ष्मीबाईंचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी गेले. साताऱ्याच्या शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर आलेली मोठी रक्कम भाऊरावांनी परत पाठवली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला तिच्याच पोराची जागा राखून मिळत नव्हती. तिच्या ज्वारीची भाकर महाराच्या, मराठ्याच्या, मुसलमानाच्या पोराने एका पंगतीत बसून खाल्ली. नागपूरला १९५६ साली धर्मांतरानंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा भाग द्यायला सांगितला. तेथे एकाचे लाख आणि दुसऱ्याचे चार आणे एकाच मापाने मोजले जातात. देणगी किती, हा प्रश्नच बाजूला पडतो. तुझ्याजवळ होते त्यातले किती, हा प्रश्न येतो. या मापाने परंड्याच्या पट्ट्यातला कोयता यादीत कोठे बसेल ते वाचकांनीच पाहावे.

आणि या सगळ्याच्या आधी जोतीराव आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. म्हणजे विद्यापीठाचा सर्वांत मोठा देणगीदार शेतकरी-शेतमजूर हाच आहे आणि तो आधीच पैसे भरून चुकला आहे. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची शिष्यवृत्ती सुरू झाली ती याच भूमिकेतून. ती देणगी नव्हती, थकबाकीचा पहिला हप्ता होता. आज ती थकबाकी देताना सरकार हात आखडते आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात संस्थांना लोकांच्या दातृत्वाकडे बोट दाखवते.

त्याचा परिणाम तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोचला आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांनी गेल्या पाच वर्षांत किती आर्थिक मदत दिली हे विचारलेले असते, आणि आकडा लाखांत मागितलेला असतो. ज्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी मुंबई-पुण्यात कंपन्यांत आहेत त्याचा रकाना भरतो. ज्याचे माजी विद्यार्थी अंगणवाडीत, होमगार्डात, ट्रॅक्टरवर किंवा पुन्हा ऊसतोडीच्या टोळीत आहेत, त्याच्या रकान्यात शून्य पडते आणि ते शून्य गुणवत्तेचे मानले जाते. मग पालक मेळावा घेऊन 'विकासनिधी' गोळा करण्याच्या सूचना निघतात. मेळावा ठरतो जानेवारीत. त्या वेळी निम्म्या वर्गाचे आईबाप कारखान्याच्या तळावर कोपीत राहत असतात. ते येऊ शकत नाहीत, म्हणून 'पालकांमध्ये उदासीनता आढळली' असे इतिवृत्तात लिहिले जाते आणि पावतीपुस्तके विद्यार्थ्यांच्याच हाती घरी पाठवली जातात.

त्या इतिवृत्ताच्या प्रती महाविद्यालयांत जपून ठेवलेल्या असतात. आमच्या संशोधक विद्यार्थ्यांनी कादंबऱ्यांवरचे प्रबंध थोडे बाजूला ठेवून त्या काढाव्यात, देणगीदारांच्या याद्या, फीमाफीचे फेटाळलेले अर्ज आणि त्या त्या वर्षीचे उचलीचे दर शेजारी शेजारी लावावेत. हे काम मार्च-एप्रिलनंतर करावे. तोवर टोळ्या परत आलेल्या असतात आणि पावती कोणत्या पैशातून फाडली हे सांगायला माणसे घरी सापडतात.